बाटल्यांचं कुंकू

संत्र्याच्या सरबताच्या कारखान्यात धुतलेल्या बाटल्या आम्ही बायका हातानं उलट्या करून निथळत ठेवायचो. मग त्या कामाला यंत्र आलं. त्याचे रबरी चिमटे बाटलीचा गळा धरत, तिला डोक्यावर उभी करत आणि पाणी गळलं की सरळ करून पुढच्या पट्ट्यावर सोडत.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. या नव्याचं कपाळ कुठं ते कुणालाच सांगता येईना, म्हणून आम्ही तेलात कालवलेलं कुंकू प्रत्येक चिमट्याला लावलं. दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू झाला आणि एकूण एक बाटली गळ्याला कुंकू लावून बाहेर पडली.

सुपरवायझर खवळला. "बाटल्यायले काहून फासलं वं हे? पुसा सारं."

आम्ही चिमटे पुसले. तोवर पहिल्या पेट्या इतवारीच्या बाजारात पोचल्या होत्या.

आठवड्यानं तिथल्या दुकानदारानं नंतरच्या, बिनकुंकवाच्या कोऱ्या बाटल्या परत पाठवल्या. गिऱ्हाईक पूजेची बाटली मागून राहिलं, असा निरोप आला.

सकाळी सुपरवायझर घरचा करंडा घेऊन यंत्रापाशी उभा. बोट कुंकवात बुडवलेलं.

मी त्याला थांबवलं. "साहेब, आंघोळ करून आले ना?"