पोलंडच्या बंडाचं शेवटचं प्रकरण

चिंतामणी करजगीकर कुंभारीच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवत होते. गावात मात्र त्यांना सगळे 'पोलंड सर' म्हणायचे. अठराशे त्रेसष्ट साली पोलंडचे लोक रशियाच्या झारविरुद्ध उठले आणि वर्ष-दीड वर्षात चिरडले गेले. पाठ्यपुस्तकात त्या बंडाची ओळही नव्हती, तरी सर दर वर्षी ते शिकवायचे. सोलापुरात नवी पेठेत रद्दीत मिळालेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकानं त्यांना हे वेड लावलं होतं.

निवृत्तीनंतर ते त्यावर मराठीत पुस्तक लिहायला बसले. नऊ वर्षं लिहीत होते. पोलंडचं कोण वाचणार, असं म्हणत दोन प्रकाशकांनी बाड न उघडताच परत केलं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि गेल्या मार्गशीर्षात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समजायचं सगळं.

त्यांची मुलगी भार्गवी बँकेत नोकरीला. घरी आली की वडिलांना भरवायची, अंग पुसून द्यायची आणि मग त्यांच्या टिपणांवरून ते प्रकरण लिहायची. शेतकरी बंडात फारसे उतरलेच नाहीत. झारनं त्यांना जमिनी देऊन बंडातली हवाच काढून घेतली. पुढारी वॉर्सात फासावर गेले, हजारोंना सैबेरियात धाडलं, शाळांमधून पोलिश भाषा हद्दपार झाली. लिहिता लिहिता तिचा जीव गुदमरायचा. म्हणून शेवटी तिनं पदरचं एक वाक्य घातलं : तरीही त्यांचं रक्त वाया गेलं नाही.

रविवारी सकाळी तिनं प्रकरण वाचून दाखवलं. सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटचं वाक्य आलं तसा त्यांनी डावा हात पुढे केला. तिनं पेन दिलं. वेड्यावाकड्या रेघांनी त्यांनी ते वाक्य खोडलं, इतकं की कागद फाटला.

"बाबा, मग लोकांनी हे वाचायचं तरी कशासाठी?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं, हे तिला दिसत होतं. घशातून नुसती घरघर आली, मग डोळ्यांतून पाणी. तिनं ते पुसलं आणि पुन्हा विचारलं नाही.

चैत्रात सर गेले. भार्गवीनं पदरमोड करून पुस्तक छापलं, ते वाक्य वगळून. शाळेला पाच प्रती दिल्या. मुख्याध्यापकांनी फोटो काढून त्या कपाटात ठेवल्या. बाकीचे गठ्ठे सरांच्या पलंगाखाली आहेत. फरशी पुसताना ती ते बाहेर ओढते, पुन्हा आत सरकवते.