गोजरबाई नवऱ्याची बोट शोधते

बेलापूरच्या अलीकडे, प्रवरेकाठच्या त्या गावात गोजरबाईइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि असं कुणी तोंडावर म्हटलं तर ती खूशच व्हायची. बैल घ्यायचा असो की सून आणायची असो, तिनं मान हलवली की विषय संपला. एका माणसापुढे मात्र तिचं काही चालत नसे. थोरले दीर राधाकृष्णआप्पा पारावर दिसले की बाई डोक्यावर पदर ओढून, चपला हातात घेऊन मुकाट पुढे जायची. थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. आयुष्यात तिनं पाळलेली बहुधा ही एकच रीत.

आणि नेमके आप्पाच तिच्या नवऱ्याची टर उडवायचे. आसाराम सांगायचा, मोठ्या लढाईत तो चार वर्षं आरमाराच्या बोटीवर होता. आप्पा म्हणायचे, यानं समुद्र पाहिला तो नगरच्या सिनेमात. मुंबईला गोदीत पोती वाहिली आणि इथं येऊन बोटी हाकतोय. पारावरची मंडळी पोट धरून हसायची. आसारामही हसायचा. लढाई संपल्यावर लग्न झालेल्या गोजरबाईला खरंखोटं कळायला मार्ग नव्हता. सदुसष्ट साली आसाराम गेला, चेष्टा तेवढी मागे राहिली.

बहात्तर साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून, फौजेत गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा फळा शाळेत लावायचं ठरलं. त्यावर नवऱ्याचं नाव लागलंच पाहिजे, असं बाईनं मनाशी धरलं. हेडमास्तरांनी कागद मागितला. कागद नव्हता. तिनं त्यांनाच बसवून आरमाराच्या मुंबईच्या कचेरीला पत्र लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आसाराम नावाचा कुणी नोंदीत नाही. मात्र त्याच गावचा, त्याच बापाचा राधाकृष्ण सन बेचाळीस ते सेहेचाळीस आरमारात होता. गावाला आयतीच करमणूक झाली. घरी नांगर धरून बसलेले आप्पा बोटीवर पोचले कसे, यावर आठवडाभर चर्चा रंगली. आप्पा मात्र हसले नाहीत. पदराआडून बाईनं ते बरोबर टिपलं.

मग तिला आठवलं, सासरे लढाईच्या ऐन मध्यात वारले होते आणि दोघे भाऊ अस्थी घेऊन नाशिकला गेले होते. तिथं उपाध्यायांची वही असते. घरातलं कोण आलं, कोण काय करतं, ते लिहून खाली सही घेतात. बापाच्या अस्थी हातात असताना कोण खोटं लिहील? म्हशीखेरीज कुणाला न सांगता बाई एस.टी.त बसली.

गाव आणि आडनाव सांगताच उपाध्यायांनी पान काढलं, वाचून दाखवलं. ‘वडिलांच्या अस्थी आणल्या. धाकटा बंधू आसाराम, हल्ली लढाईच्या बोटीवर, रजा घेऊन आला आहे.’ खाली सही होती, राधाकृष्ण. बाईनं नक्कल करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पांच्या अंगणात गेली. पदर डोक्यावर होता, चपला पायात होत्या. नक्कल तिनं बाजेवर ठेवली.

“आप्पा, नाशकाच्या वहीत ही सही कुनाची हाय?”

आप्पांनी ती दोनदा वाचली. मग खाली मान घालून सांगितलं. आसाराम तेव्हा सोळा वर्षांचा, वय बसत नव्हतं. थोरल्याचा शाळेचा दाखला घेऊन तो थोरल्याच्याच नावानं भरती झाला. परत आल्यावर तो गावात बोटीच्या गोष्टी सांगून बसला, आणि खोट्या नावाचं उघड होईल म्हणून दोघांनाही खटल्याची धास्ती. म्हणून आप्पांनी, तो गेलाच नव्हता अशी आवई उठवली. गावाला गंमत आवडली. पुढं धास्ती गेली, पण गंमत मागे घेता येईना.

“त्याला सगळं ठावं हुतं,” आप्पा म्हणाले. “म्हनून तर तो हसायचा.”

“मला ठावं नव्हतं, आप्पा. मीबी हसलेय त्यांना. चारचौघांत, तोंडावर.”

आप्पा बाजेवरून उठले. त्यांनी पटका बांधला आणि तडक शाळा गाठली. हेडमास्तर म्हणाले, सरकारी कागदावर तर तुमचं नाव आहे. आप्पांनी पारावरच्या मंडळींनाही तिथं बोलावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, बोटीवर आसाराम होता, मी पंचवीस वर्षं खोटं बोललो.

पंधरा ऑगस्टला फळा लागला. हेडमास्तरांनी नावं वाचली. आसारामचं नाव आलं तशी गोजरबाई उभी राहिली आणि म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग आप्पा शेजारी उभे आहेत याची पर्वा न करता ती मोठ्यानं रडली.