आभाळातला अरुंद पूल

यूपीएससीवाल्यांच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठतात. पुस्तकं निदान रद्दीत तरी जातात! आमचे मयूर विहारमधले बरेचसे किस्से अवकाशातल्या लढाईचे आहेत, आणि त्याला कारण अर्चना. माझी रूममेट, लातूरकडची. तिचा शेवटचा अटेम्प्ट होता, मेन्स निघाली होती, आणि इंटरव्ह्यूत उपग्रह, ते पाडणारी क्षेपणास्त्रं आणि शेजारी देश हेच विचारणार, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

*

डेटरन्स, म्हणजे एकमेकांचा धाक, काय असतो ते आम्हाला फ्रिजने शिकवलं. तिचा ठेचा, माझं लोणचं. तू माझ्या बरणीला हात लावलास तर मी तुझी संपवीन, असा आमचा करार. दोघी इतक्या शहाण्या, की संशय नको म्हणून स्वतःचीही बरणी कुणी उघडली नाही, आणि दोन्ही बरण्यांना बुरशी आली.

"बघ, शांतता नांदली ना," अर्चना म्हणाली.

*

संध्याकाळी गच्चीवर रिव्हिजन चालायची. दिल्लीचं आभाळ म्हणजे पाणी घातलेलं ताक, एक चांदणी दिसेल तर शपथ. खालच्या मजल्यावरचा वैभव एकदा हळूच म्हणाला, तो बघा, शेजाऱ्यांचा हेरगिरीचा उपग्रह! आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. उपग्रह लाल-हिरवे दिवे लुकलुकवत एअरपोर्टकडे वळला. तरी आम्ही कितीतरी वेळ वरच बघत होतो. काय छान वाटत होतं, यार!

*

अर्चनाचे अप्पा एसटीत ड्रायव्हर. लेक काय वाचते ते त्यांना फोनवर रोज ऐकायचं असायचं. एकदा तिने समजावलं, की वर एकाने दुसऱ्याचा उपग्रह फोडला, तर तुकडे फोडणाऱ्यालाही लागतात. अप्पा म्हणाले, अगं, हा तर आमचा अरुंद पूल झाला. दोन्हीकडून गाड्या येतात, दोघंही लाइट मारतात, पण आधी कुणी गाडी घालत नाही, घातली की दोघंही अडकले.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॉक इंटरव्ह्यूत तिने सरळ हाच पूल सांगितला. समोर बसलेले, फौजेतून रिटायर झालेले साहेब हसून म्हणाले, "अगली बार पिताजी को भेज दीजिए." हे कळल्यावर अप्पांनी म्हणे युनिफॉर्मला इस्त्री केली.

*

खरा इंटरव्ह्यूही झाला, आणि फायनल निकाल लागला त्या संध्याकाळी तिने गच्चीवरूनच फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मला तिच्याकडे बघवेना.

"अप्पा, नाव नाही आलं."

पलीकडे एसटी स्टँडचा गलका. त्यातून अप्पांनी विचारलं, "आणि वर? आधी कुणी गाडी घातली का?"

"नाही, अप्पा."

"मग झालं तर. ये घरी."