हॉल मागितला होता, खुर्च्या नाही

सामुदायिक भवन मीच मागितलं होतं, लपवत नाही. पत्रक माझं, घोषणा माझी. कुरुदकडच्या आमच्या वस्तीत लग्नं रस्त्यावर मांडव घालून व्हायची; ट्रक आला की नवरदेवासकट सगळी वरात बाजूला. सुपेल्याच्या बाजारातले महागडे खासगी हॉल आमच्यासाठी नव्हतेच. निगमनं, म्हणजे आमच्या महापालिकेनं, हॉल बांधला तेव्हा पेढे मीच वाटले.

पण निगम तेवढ्यावर थांबलं नाही. जनतेच्या पैशातून खुर्च्या, दऱ्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, कढया, शामियाना सगळं आणलं आणि वार्डभर घरपोच, नाममात्र भाड्यानं द्यायला लागलं. वस्तीत हा धंदा करणारं एकच दुकान होतं, आमच्या शेजारच्या काकांचं टेंट हाऊस. स्टील प्लांटमधलं ठेकेदारीचं काम सुटल्यावर काका-काकूंनी उभं केलेलं.

काकांनी माझं पत्रक दुकानात खिळ्याला लटकवून ठेवलं होतं.

"वाच पोरी. माह्या दुकानाचा मृत्युलेख हाय थो. अक्षर मात्र झकास."

"काका, स्वस्त मिळालं तर गरिबाचंच भलं ना?"

"बराबर. मंग माही गरिबी कोन्त्या वार्डात येते, थेवढं सांग."

 

मग एका रविवारी सकाळी समोरच्या गल्लीतली आजी गेली. तिचा मुलगा आणि मी दऱ्या-खुर्च्यांसाठी आताच्या सवयीनं भवनाकडे धावलो. कुलूप. चौकीदार म्हणाला, "ज़ोन ऑफिस में आवेदन दीजिए. आज तो संडे है."

"भैया, आदमी आवेदन देकर मरता है क्या?"

"मैडम, नियम है."

तेव्हा आठवलं. काकांच्या दुकानाचा एक रिवाज होता. मयत झाली की कोणी सांगायला जायचंच नाही. बातमी कानावर पडली की दऱ्या-खुर्च्या आपोआप दारात यायच्या. भाडं नाही, नोंद नाही. नळाला पाणी येतं तसं आम्ही ते गृहीत धरलं होतं. म्हणून तर ते माझ्या कुठल्याच पत्रकात कधी आलं नाही.

मी दुकानाकडे धावले. समोर दुर्गच्या व्यापाऱ्याची गाडी उभी होती. काकांच्या सगळ्या खुर्च्या तिच्यात चढलेल्या, दोर आवळलेले. सामान विकून काका दुकान बंद करत होते.

"कावून वो, धावत कावून आली?"

मी सांगितलं. काका ओट्यावर मटकन बसले.

"मयत झाली अन् मले सांगाले माणूस याव लागते? इतकी वाईट वेळ आली काय माही?"

मग उठले. "भैया, रस्सी खोलो."

काकू आधीच गाडीत चढली होती. "दऱ्या पयले काढा! बाया खालीच बसतीन." दुर्गचा व्यापारीही बाही वर करून खुर्च्या उतरवायला लागला. काम उरकल्यावर त्यानं चाचरत विचारलं, "तो फिर कब आऊँ?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिले विचारा. नेता हाय आमची."

"मत आइए," मी म्हटलं. गाडी रिकामी गेली.

त्याच आठवड्यात दुसरं पत्रक लिहिलं. हॉल आमचा, तो आम्ही सोडणार नाही. निगमच्या खुर्च्या हॉलच्या आतच राहतील. बाहेरचं काम वस्तीच्या माणसाकडे. त्याखाली मोठ्या अक्षरात काकांचा मयतीचा रिवाज. काकांनी वाचलं आणि ती ओळ पेननं खोडली.

"हे कावून लिवलं? हे काय लिवाची गोष्ट हाय?"

"काका, सगळ्यात जोरदार ओळ आहे ही!"

"राहू दे. जाहिरात नाही कराची मयतीची."

ती ओळ न छापता पत्रक निघालं. खाली पहिली सही आजीच्या मुलाची. ज़ोन ऑफिसात साहेब हसले, "पहले आप ही ने तो माँगा था."

"जी, मैंने ही. अब ये भी पूरा पढ़िए."

निगमच्या खुर्च्या अजून वार्डात फिरताहेत. थांबतील, मी दर सोमवारी तिथे जाऊन बसते, आणि साहेब आता मला पाहून हसत नाहीत. काकांचं दुकान उघडं आहे. खिळ्याला दोन पत्रकं आहेत. खोडलेली ओळ मी इथे लिहिली आहे, कारण हे पत्रक नाही.