काकांच्या गच्चीवर पकडलेले सिग्नल

रेडिओच्या नादात सिग्नल कमी सापडतात, किस्से जास्त. सिग्नल आला की ओळखायचा, विषय संपला. नाही आला, की माणसं बोलायला लागतात!

आम्ही तिघं. मी, नाशिकहून चेन्नईला आयटीत आलेली. सेल्वी, माझ्याच ऑफिसातली. आणि देशपांडे काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही सिग्नलवर आपला हक्क समजणारे. पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर लॅपटॉपला लावायचा, बाकी काम सॉफ्टवेअर करतं. विमानं, जहाजं, उपग्रह, हवेत जे असेल ते स्क्रीनवर रंगीत रेघांनी उतरतं.

अँटेना काकांच्या अड्यारच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे. माझ्या पीजीला गच्ची नाही, सेल्वीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. म्हणजे हा अँटेना गेला की आमचं सगळंच गेलं. आणि तो काढायला सोसायटीचे सेक्रेटरी राघवन मामा टपलेले.

*

पहिल्याच रविवारी काका कुजबुजले, "माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवतंय."

स्क्रीनच्या बरोबर मध्यावर एक बारीक रेघ होती.

"मी एफएमवर गेलो, हा एफएमवर. मी विमानांवर गेलो, हा तिथे हजर!"

"काका, ती रेघ रिसीव्हर स्वतःच तयार करतो. स्वस्तातल्या रिसीव्हरला असतेच. अँटेना काढून बघा, तरी दिसेल."

काकांनी वायर काढली. रेघ जागच्या जागी.

"पाहिलंस? अँटेनाशिवायही पोहोचतोय. मोठा माणूस आहे!"

*

समुद्र जवळ, त्यामुळे गच्चीवर सगळं गंजतं. एकदा काहीच येईना. ड्रायव्हर, केबल, यूएसबी पोर्ट तपासण्यात माझी दुपार गेली. शेवटी कनेक्टर उघडला, तर आतल्या पिनेला काळी टेप. अगदी नीट गुंडाळलेली.

"मीच लावली," काका म्हणाले. "आमच्या रेल्वेत गंजायच्या आधीच बंदोबस्त करायचे."

"काका, सिग्नल त्या पिनेतूनच येतो!"

"ते असू दे. गंज कुठे दिसतोय का सांग."

*

हवामान उपग्रहाचं पहिलं चित्र आलं तेव्हा सेल्वीनं टाळ्या वाजवल्या. काका मात्र गंभीर. श्रीलंका वर, हिमालय खाली!

"अँटेना उलटा लावलाय तुम्ही पोरींनी."

मी समजावलं. उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे गेला की चित्र असंच उतरतं, सॉफ्टवेअरमध्ये फिरवायचं. काका ऐकून घेतल्यासारखं करून वर गेले आणि अँटेना उलटा करून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपग्रह उत्तरेकडून आला. चित्र सरळ!

काकांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून चालू आहे.

*

एका सकाळी स्क्रीनभर पिवळा कचरा. काकांचं निदान, "नौदलाचं रडार."

सेल्वी इडली खात होती. तिनं मान वर केली. "मिक्सर आहे. ग्राइंडर असा कचरा करत नाही. थांबून थांबून चाललाय, म्हणजे चटणी."

ती खाली गेली आणि दुसऱ्या मजल्यावरून वाटीभर चटणी घेऊन वर आली.

"काका, घ्या. रडार."

*

मग गेटचं प्रकरण झालं. पार्किंगचं गेट संध्याकाळी आपोआप उघडायचं, आणि नंतर कोणाचाही रिमोट चालायचा नाही. मामांनी पार्किंगमध्येच मीटिंग बोलावली. ठराव एकच, अँटेना काढणे.

"मी रोज संध्याकाळी त्या बाकावर बसून पाहतो," गेटचा रिमोट मागच्या खिशात सारत मामा म्हणाले. "मी बसतो न बसतो तोच गेट उघडतं. सगळं त्या वरच्या काठीमुळे!"

"मामा, आमचा रिसीव्हर काही पाठवत नाही. तो फक्त ऐकतो."

"एन्नम्मा, अगं पोरी, तुझ्या वयाच्या मुलींनीही तेवढंच करावं."

मी लॅपटॉप उघडला, छोटा अँटेना लावला आणि गेटच्या रिमोटची फ्रिक्वेन्सी धरली. स्क्रीन रिकामी.

मामांचं भाषण संपलं. ते खुर्चीत बसले.

स्क्रीनवर जाड लाल रेघ. शेजारी गेट उघडलं.

"पाहिलंत!" मामा ताडकन उठून गच्चीकडे बोट दाखवू लागले. रेघ गायब.

सेल्वीनं लॅपटॉप हळूच लोकांकडे वळवला.

"मामा, बसा ना," मी म्हटलं. बसले. रेघ आली, गेट लागलं.

"आता जरा उठता?" उठले. रेघ गेली.

सगळे एकदा स्क्रीनकडे, एकदा मामांकडे बघत होते. मागून तिसऱ्या मजल्यावरच्या मामी म्हणाल्या, "आणखी एकदा बसा हो. मला गाडी बाहेर काढायचीय."

पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. मामांनी तो उभ्यानंच घेतला.