आठ ओळींचं स्वागत

निवृत्त झाल्यावर मी एका मराठी संकेतस्थळावर काम करू लागलो. तिथं शेतकरी आपल्या जनावरांबद्दल प्रश्न विचारतात आणि ज्यांना माहिती आहे ते उत्तरं देतात. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर पशुसंवर्धनाच्या कचेरीत लिपिक होतो. म्हणून माझ्याकडे नव्या सभासदांच्या स्वागताचं काम आलं. नव्या माणसाचा पहिला प्रश्न मी तपासायचा, मगच तो सगळ्यांना दिसायचा. प्रश्नात काय काय हवं, याचा मी एक आठ ओळींचा मजकूर करून ठेवला होता. जनावराचं वय, जात, चारा, फोटो, शुद्ध भाषा. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

हिवाळ्यातली सकाळ होती. पारशिवनीकडच्या एका बाईंचा प्रश्न आला. 'माही म्हैस फुगली. बसली ते उठून नाही राहिली. काय करू?' मी सवयीने माझा मजकूर चिकटवला, प्रश्नावर 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि बायकोबरोबर जरीपटक्याच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेलो.

दुकानात बायको रंग बघत होती, तेव्हा फोन वाजला. त्या बाईंनी लिहिलं होतं, 'वय माहीत नाही. फोटो कसा टाकतात? जीभ बाहेर आली तिची.'

पोटफुगी म्हणजे काय हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. तासाभरात जनावर जाऊ शकतं. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं : आधी डॉक्टरला बोलवा. तिला उठवून चढावर उभी करा, पुढचे पाय उंचावर ठेवा. तोंडातून काही पाजू नका. बोटं इतकी घाईत होती की निम्मे शब्द चुकले. शुद्ध भाषेची अट घालणारा मीच.

उत्तर आलं नाही. दर दोन मिनिटांनी मी फोन बघत होतो. स्वेटर कुठला घेतला, मला आठवत नाही. महाल भागातल्या आमच्या घरी आल्यावरही मी एका जागी बसू शकलो नाही.

"काय झालं जी? काहून असे फिरून राहिले?" बायकोनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनं म्हैस फुगली म्हटलं, अन् तुम्ही तिले जात विचारली?"

"म्हशीची जात."

"तेच म्हणून राहिली मी."

दुसरा दिवसही तसाच गेला. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता; नाव नोंदवताना तिनं नुसतं पारशिवनी लिहिलं होतं, गावाचं नाव नाही. वर्तमानपत्र उघडायचो आणि तीच ओळ पुन्हा वाचायचो. बायकोनं दोनदा चहा गरम करून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं. 'म्हैस बरी आहे. शेजारचे भाऊ डॉक्टरले घेऊन आले, त्यांनी नळी घालून हवा काढली. तुमचं नंतरचं लिहिलेलं आज पाहिलं. त्या दिवशी मी तुमचे नियम वाचून राहिली होती, म्हणून भावाले हाक मारायले उशीर झाला.'

रागाचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यावर तिनं लिहिलं, 'असू द्या.'

त्याच संध्याकाळी मी त्या आठ ओळी काढून टाकल्या. आमच्यातले एक जुने सभासद नाराज झाले. "अशानं नुसता गोंधळ होईल," ते म्हणाले. थोडा झालाही. एकच प्रश्न चारचारदा येतो, फोटो उलटे येतात. आता मी नव्या माणसाला एवढंच लिहितो, 'जनावर आत्ता कसं आहे?' बाकीचं मागून विचारतो.

ती बाई पुन्हा आली नाही. नवीन नाव दिसलं की मी अजूनही जेवणावरून उठतो. बहुतेक वेळा कुणी एवढंच विचारलेलं असतं की गाईची शिंगं रंगवावीत का.