बाकाचं माप

बागेतल्या बाकावर मी अजूनही डाव्या कडेलाच बसतो. उजवीकडे माझी बायको, सुधा, बसायची. ती जाऊन वर्ष होत आलं, तरी मधोमध बसायचं मला सुचत नाही.

आज शेजारच्या शाळेतली दुसरीची मुलं बाईंबरोबर लांबी मोजायला बागेत आली होती. दोन मुली वितीने माझाच बाक मोजू लागल्या.

"आजोबा, उठा ना, तुमच्याखालचं राहिलंय!"

मी उठून उभा राहिलो. एकीच्या अकरा विती भरल्या, दुसरीच्या बारा.

"बाई, ही लबाडी करते! बोटं आखडून मोजते!"

"लबाडी नाही गं, तिचा हातच लहान आहे," बाई हसून म्हणाल्या. "म्हणून तर पट्टी लागते."

सुधाला पट्टी कधी लागली नाही. स्वेटर विणायला घेतला की ती माझ्या हातावर वीत टेकवत खांद्यापासून मनगटापर्यंत यायची आणि वर चार बोटं धरायची. बाही नेमकी बसायची. ती गेली तेव्हा नव्या स्वेटरच्या बाह्या राहिल्या होत्या. टेपने माप घेऊन त्या विणून देणारं कुणीही भेटेल. पण मनगटापर्यंत सरकत येणारा तो ऊबदार हात कुठल्या टेपला असणार?

"आजोबा, झालं. बसा आता," म्हणत लहान हाताच्या मुलीने बाकाच्या मधोमध थाप मारली.

तिचं मन मोडवेना. मी तिथेच बसलो. मुलं फाटकाबाहेर गेल्यावर हळूच डावीकडे सरकलो.